जनरेटरच्या धुराच्या पाईपला त्याच जागी पुन्हा पुन्हा तडा जातोय, कंपनाचा ताण कमी कसा करायचा?

बेदाणेवाला_तासगाव

नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, लाईट गेली की ६२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर चालतो. चार सिलेंडर, टर्बोवालं इंजिन, १५०० आरपीएम. सीझनला माल भरलेला असतो, तेव्हा कॉम्प्रेसर फार वेळ बंद ठेवता येत नाही, त्यामुळं जनरेटर कधी दोन तास तर कधी अख्खी रात्र चालतो.

प्रॉब्लेम धुराच्या पाईपचा आहे. टर्बोच्या पुढं एक बेंड, मग फूटभराचा फ्लेक्झिबल बेलो (जाळीदार लवचीक नळी), मग ४ इंची एमएस (साध्या लोखंडाचा) पाईप साधारण ३ मीटर सरळ वर, तिथनं आडवा होऊन ५ मीटरवर भिंतीतनं बाहेर, बाहेर सायलेन्सर आणि उभी चिमणी. बेंडच्या फ्लँजला (बोल्टनं जोडायच्या चकतीला) वेल्डिंगच्या कडेकडेनं चीर पडते. वेल्डर येतो, भरून जातो, काही आठवडे बरं चालतं की परत तेच. मागच्या खेपेला त्यानं चारी बाजूंनी त्रिकोणी गसेट (आधाराच्या पट्ट्या) मारली, तर आता गसेट जिथं संपते बरोबर तिथनं चिरलंय, आणि बेलोची जाळी पण एका बाजूनं उसवायला लागलीय. जनरेटरची सर्व्हिसवाली पोरं म्हणतात पाईपिंग आमच्यात येत नाही, पाईपिंग करणारा म्हणतो इंजिनच जास्त हलतंय. खोलीत धूर साठतो, ऑपरेटरचे डोळे चुरचुरतात. कायमचा इलाज काय?

इचलकरंजी_फॅब

दादा पहिलं विचारतो, पाईप कुठल्या क्लासचा वापरलाय? लाईट पाईप असला तर चिरणारच. हेवी क्लास घ्या, फ्लँज १२ एमएमच्या प्लेटचा करा, रूट रन (वेल्डिंगचा पहिला थर) नीट घालून मग वरून भरा. आमच्याकडं लूमच्या शेडमधले जनरेटर आहेत, हेवी पाईप घातला की वर्षानुवर्षं बघायला लागत नाही.

टेस्टबेडवाले_काका

इचलकरंजीकर, वेल्डिंगबद्दल तुमचं बरोबर आहे पण पाईप जाड करण्याबद्दल माझं मत उलटं आहे. मी पुण्यात इंजिनांच्या टेस्ट बेडवर नोकरीची बहुतेक वर्षं काढली, तिथे एक्झॉस्ट पाईप फुटणं नेहमीचंच होतं आणि प्रत्येक नवीन मुलगा आधी पाईप जाड करायला धावायचा.

आकडे बघा. चार सिलेंडरचं फोर स्ट्रोक इंजिन १५०० आरपीएमला म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन सिलेंडर फायर होतात, म्हणजे सेकंदाला ५० धक्के. शिवाय चार सिलेंडरच्या इंजिनात पिस्टनच्या वर-खाली जाण्याचा जो उरलेला असमतोल असतो तोही फेरीच्या दुप्पट, म्हणजे परत ५० च. तासाला १,८०,००० वेळा तो सांधा मागेपुढे होतो. साधारण ५५ तासांत एक कोटी वेळा. स्टीलवरचा ताण मर्यादेत असला तर एक कोटीच काय दहा कोटी वेळाही काही होत नाही, पण मर्यादेच्या थोडा जरी वर असला तर वेल्डच्या कडेला जिथं खाच असते तिथनं चीर सुरू होणार म्हणजे होणारच. तार मागेपुढे वाकवून तोडतो तसलाच प्रकार, फक्त वाकणं डोळ्याला दिसत नाही.

आता पाईप जाड केला तर काय होईल? ४ इंची मीडियम पाईप मीटरला १२ किलोच्या आसपास भरतो, हेवी त्याहून जास्त. आधीच तुमच्या ३ मीटर उभ्या पाईपचं वजन ३६ किलोच्या घरात आहे आणि तुमच्या लिहिण्यात एकाही सपोर्टचा उल्लेख नाही. ते वजन कोण उचलतंय? बेलो उचलू शकत नाही, तो दबतो आणि वजन टर्बोच्या फ्लँजवर जातं. तडा जिथे दिसतो तिथे सांधा सगळ्यात कमजोर आहे एवढंच कळतं, ताण कुठून आला ते कळत नाही. गसेट मारून तो सांधा कडक केला, तर तोच ताण एक इंच पुढे सरकला.

माझा नियम सोपा आहे. बेलोच्या अलीकडे जे आहे ते इंजिनबरोबर हलू दे आणि ते हलकं आणि आखूड ठेव. बेलोच्या पलीकडे जे आहे त्याचं सगळं वजन इमारतीवर किंवा जमिनीवर टाक, एक किलोसुद्धा बेलोवर नको. दोन्हीकडच्या वस्तू एकमेकांना बेलोशिवाय दुसरीकडे कुठेही बांधलेल्या नकोत, एखादी पट्टी नाही, केबल ट्रे नाही, काही नाही.

डेकखाली

काकांना अनुमोदन. मी मर्चंट नेव्हीत इंजिन रूमला आहे. जहाजावर जनरेटरचे एक्झॉस्ट पाईप अनेक मजले वर जातात, तिथे कंपनाइतकाच छळ गरम झाल्यावर पाईप लांब होण्याचा असतो, आणि जमिनीवरच्या जनरेटरला लोक हेच विसरतात.

एमएस पाईप १०० अंशांनी तापला की मीटरला १.२ मिमीच्या आसपास वाढतो. लोडवर धूर ४००-५०० अंशांचा असतो, पाईप थंड असताना ३० धरला तर वाढ ४०० अंशांची, म्हणजे मीटरला जवळजवळ ५ मिमी. तुमचा ५ मीटर आडवा पाईप पंचविसेक मिमी वाढतो, उभा ३ मीटर पंधरा मिमी. एसएस (स्टेनलेस स्टील) असता तर आणखी जास्त, कारण ते एमएसच्या साधारण दीडपट वाढतं.

हा एक इंच जातो कुठे ते शोधा. भिंतीतून पाईप कसा काढलाय? सिमेंटनं पक्का भरलाय का? भरला असेल तर भिंत हलणार नाही, मग सगळा इंच उलट इंजिनकडे येतो आणि बेलोचं वरचं तोंड आडवं ढकलतो. फूटभराचा बेलो इंजिनचं हलणं खाण्यासाठी असतो, त्याला आधीच एक इंच आडवा ताणून ठेवला तर त्याच्यात हलायला जागाच उरत नाही, तो कडक पाईपसारखाच वागायला लागतो. जाळी एकाच बाजूनं उसवतेय म्हणता, त्यावरून मला हाच संशय येतोय.

बेदाणेवाला_तासगाव

भिंतीत सिमेंटनंच भरलंय, आतनं-बाहेरनं प्लॅस्टर पण केलंय. सपोर्ट म्हणाल तर वर आडव्या पाईपला ट्रसला एक सळी वेल्ड करून लटकवलंय, उभ्याला काहीच नाही. बेलो थंड असताना पण जरा तिरका दिसतो.

टेस्टबेडवाले_काका

मग एक तपासणी करून बघा, फुकट आहे. इंजिन पूर्ण गार झालं की, घाई नको, रात्रभर गार होऊ दे, वरचा पाईप चेन ब्लॉकला धरून ठेवा. तो धरल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही, ३०-४० किलो अंगावर येईल. स्टार्टरची बॅटरी काढा, म्हणजे लाईट गेली तर मशीन आपोआप सुरू होणार नाही. मग बेलोच्या वरच्या फ्लँजचे बोल्ट एक एक करून ढिले करा आणि काढा. दोन्ही फ्लँज सरळ समोरासमोर, भोकाला भोक जुळून राहिले पाहिजेत. बोल्ट सुटल्यावर पाईप टणकन बाजूला उडाला तर थंड असतानाच सांध्यात किती ताण कोंडलाय ते तुमच्या डोळ्यांना दिसेल. मोजून इथे लिहा, आडवं किती सरकलं, फट किती पडली.

गुऱ्हाळ_पन्हाळा

मधीच विचारतो, माफी असावी. आमच्या गुऱ्हाळावर चरक्याला जुनं एक सिलेंडरचं लिस्टर टाईप इंजिन हाय, ६५० आरपीएमचं. त्याला बेलो बिलो काय नाही, हेडला आटे पाडलेला पाईप बसवलाय, वरती डबा सायलेन्सर. पाईप आट्यातच तुटतो, दर हंगामाला एकदा तरी. ह्यात बी हेच लागू हुतंय का?

टेस्टबेडवाले_काका

माफी कसली, प्रश्न तोच आहे. एक सिलेंडरचं इंजिन जास्त झोकानं हलतं. ६५० ला मिनिटाला ३२५ वेळा फायर होतं, म्हणजे सेकंदाला साडेपाचच्या आसपास, आणि वरती सायलेन्सरचं वजन लटकलेलं, ते मोठ्या हिसक्यानं डोलतं. आटे पाडताना पाईपची निम्मी जाडी जाते, शेवटच्या आट्याची खाच जिथे असते तिथेच वाकणं सगळ्यात जास्त. म्हणून तिथे तुटतो.

तुमच्या इंजिनाला हेडपासून वीतभराचा आखूड तुकडा ठेवा, आट्याऐवजी बोल्टचा फ्लँज जमत असेल तर उत्तम, मग फ्लेक्झिबल नळीचा तुकडा, आणि सायलेन्सर जमिनीत रोवलेल्या अँगलवर. डबा इंजिनवर नकोच. पूर्वी बरेच जण सायलेन्सरऐवजी विटांचा खड्डा बांधून त्यात धूर सोडायचे, त्यात इंजिनवर वजन अजिबात येत नाही, पण पाणी साठू देऊ नका.

ठाणेकर_सोसायटी

धागा फार उपयोगी आहे. आमच्या इमारतीच्या जनरेटरचा पाईप बाहेरच्या भिंतीला क्लॅम्प मारून गच्चीच्या वरपर्यंत नेलाय. पाईप तुटत नाही, पण जनरेटर सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये घूं असा आवाज भरतो. खिडक्या बंद केल्या तरी तेवढाच येतो. सायलेन्सर बदलून बघितला, फरक शून्य.

डेकखाली

खिडकी बंद करून फरक पडत नाही म्हणजे आवाज हवेतून येत नाहीये, क्लॅम्पमधून भिंतीत शिरतोय. पाईप कंप पावतो, यू बोल्ट घट्ट, भिंत स्पीकरसारखी वाजते. सायलेन्सर धुराचा आवाज कमी करतो, पाईपच्या धातूतून जाणाऱ्या कंपनाला तो काय करणार. प्रत्येक क्लॅम्पखाली उष्णता सहन करणारं पॅड किंवा स्प्रिंगवाले हँगर लागतील, साधं रबर गरम पाईपला टिकत नाही, वितळून वास मारेल. आणि आधी खाली बघा, इंजिनजवळ बेलो आहे का आणि तो मोकळा आहे का. तिथेच कंपन अडलं तर वरच्या निम्म्या क्लॅम्पना काही करावं लागणार नाही.

उंची मात्र कमी करू नका. चिमणी किती वर हवी त्याचं प्रदूषण मंडळाचं सूत्र आहे, इमारतीची उंची अधिक केव्हीएच्या वर्गमुळाची ०.२ पट, मीटरमध्ये. उंच पाईप नियमानं लागतोच, तो नीट टांगायचा एवढाच मार्ग आहे.

यंत्रशिक्षिका

मी पॉलिटेक्निकला शिकवते. सगळे पाईपकडे बघताय ते योग्यच, पण तासगावच्या दादांचा पाईपिंगवाला म्हणतोय की इंजिनच जास्त हलतंय, ते तपासल्याशिवाय सोडू नये. फोनमध्ये सेन्सर असतो, फायफॉक्ससारखं फुकट ॲप घेऊन फोन बेस फ्रेमवर दुहेरी टेपनं चिकटवा. पाईपवर किंवा इंजिनवर नको, फोन जाईल. ॲपमध्ये स्पेक्ट्रम दिसतो, कुठल्या वारंवारतेला हलतंय ते कळतं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. बऱ्याच फोनचा सेन्सर सेकंदाला १०० च्या आसपास नोंदी घेतो, त्याला ५० हर्ट्झचं कंपन नीट दिसणार नाही. पण १२.५ आणि २५ स्पष्ट दिसतात आणि आपल्याला तेच हवेत. २५ ला उंच सुळका म्हणजे फेरीला एकदा, मग कपलिंग, फ्लायव्हील, अल्टरनेटरचा बॅलन्स किंवा अलाइनमेंट. १२.५ ला सुळका म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा, फोर स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदाच फायर होतो, म्हणजे एखादा सिलेंडर बाकीच्यांपेक्षा कमी काम करतोय. आणि हे १२.५ फार त्रासदायक, कारण इंजिनखालचे रबरी एव्हीएम (कंपन शोषणारे पाय) ज्या वारंवारतेला स्वतः झुलतात ती बहुतेक वेळा याच्या जवळपास असते, त्यामुळे थोड्याशा मिसिंगनंही मशीन डावी-उजवीकडे डोलायला लागतं.

बेदाणेवाला_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन्ही तपासण्या केल्या. बोल्ट काढल्याबरोबर वरचा पाईप पाऊण इंच इंजिनच्या बाजूला सरकला आणि फ्लँज एका बाजूनं बोटभर उघडा राहिला. ज्यानं बसवला त्यानं बोल्टनं ओढून जबरदस्तीनं जुळवला होता हे स्पष्ट दिसलं. म्हणजे थंड असताना पाऊण इंच आणि गरम झाल्यावर वरनं आणखी एक इंच, दोन्ही एकाच दिशेला.

ताई, फोनवर १२.५ ला खरंच मोठा सुळका आला. मग इन्फ्रारेड थर्मामीटरनं लोडवर प्रत्येक सिलेंडरच्या एक्झॉस्ट पोर्टजवळ तापमान घेतलं, तिसऱ्याचं बाकीच्यांपेक्षा बरंच कमी. नोझल काढून टेस्टिंगला दिलं, स्प्रे पडतच नव्हता, थेंब गळत होते. नवीन नोझल घातल्यावर सुळका निम्म्याच्या खाली आला. अल्टरनेटरच्या बाजूचे दोन एव्हीएम डिझेल-ऑईलनं फुगून बसलेले होते, चारही बदलायला सांगितलेत.

आता पाईपिंग नव्यानं करायचंय तर कुठं काय फिक्स करू, कुठं मोकळं ठेवू?

डेकखाली

नोझल सापडलं, छान झालं. माझी मांडणी अशी. बेलोच्या लगेच वर पक्का अँकर द्या, जमिनीपासून चॅनेलची स्वतंत्र चौकट उभी करून. जनरेटरच्या बेस फ्रेमवर नको, एव्हीएम इंजिन आणि फ्रेमच्या मध्ये असले तरी फ्रेमसुद्धा थोडी थरथरतेच. पाईप तिथे पक्का धरला की त्याच्यावरची कुठलीच वाढ खाली बेलोकडे येणार नाही, बेलोला फक्त इंजिनचं हलणं उरतं. उभा पाईप वरच्या दिशेनं वाढेल, त्याला वाढू दे, वरच्या बेंडपाशी सळीऐवजी स्प्रिंग हँगर लावा म्हणजे तो १५ मिमी वर गेला तरी वजन हँगरवरच राहील. आडव्या पाईपात दुसरा बेलो टाका आणि बाहेर सायलेन्सर त्याच्या स्टँडवर पक्का करा. भिंतीतलं सिमेंट फोडून मोठ्या पाईपची स्लीव्ह घाला, मधल्या फटीत रॉकवूल, बाहेरून पत्र्याची कॉलर फक्त पाईपला अडकवलेली.

बेलो मागवताना नुसतं ४ इंची द्या म्हणू नका. पाईप लांबीत किती वाढणार, आडवा किती सरकणार, धूर किती गरम, हे तिन्ही आकडे द्या. आत लायनर असेल तर बाणाची दिशा धुराच्या दिशेनं. बसवताना पीळ बसता कामा नये, वाकणं बेलोला चालतं, पीळ अजिबात चालत नाही. एक फ्लँज फिरता घेतला तर भोकं जुळवायला बेलो पिळावा लागत नाही.

इचलकरंजी_फॅब

काकांचं वाचून पटलं, वजनाचा मुद्दा बरोबर आहे, आमच्या लूम शेडला खालनं स्टँड होते म्हणून पाईप टिकले असणार, जाडीमुळं नाही. वेल्डिंगचं माझ्याकडनं जोडतो. तो बेंड आता परत भरू नका, नवीन करा, सारखं भरून भरून आजूबाजूचं लोखंड कडक झालंय. लाँग रेडियस बेंड घ्या. बेलोचं तोंड एसएसचं आणि फ्लँज एमएसचा असला तर साधी काडी मारू नका, ३०९ एलची काडी लागते, नाहीतर सांधा ठिसूळ होतो. वेल्डची कड ग्राइंडरनं हलक्या हातानं गुळगुळीत करा, खाच राहू देऊ नका. सपोर्टचा क्लीट (जोडायचा तुकडा) सरळ पाईपवर टाकू नका, आधी गोल कोपऱ्याची पॅड प्लेट, मग त्याच्यावर क्लीट. आणि वेल्डिंग करताना अर्थिंग कामाच्या जवळच धरा, इंजिनच्या बॉडीला धरलं तर करंट बेअरिंगमधनं जातो, कंट्रोल पॅनेलचं इलेक्ट्रॉनिक्स पण जाऊ शकतं.

यंत्रशिक्षिका

अँकर आणि हँगर लागल्यावर पाईपची स्वतःची वारंवारता पण बदलेल, ती नेमकी ५० च्या आसपास आली तर नवीन दुखणं. बंद असताना लाकडी हातोडीनं टकटक करून कानानं अंदाज येत नाही, पण चालू मशीनवर एक साधा प्रयोग होतो. जिथं पाईप जास्त थरथरतोय तिथं लाकडाचा दांडका जमिनीपासून टेकवून जरा दाब द्यायचा, लांबून, हातमोजे घालून, पाईपला अंग लागणार नाही अशा बेतानं आणि क्षणभरच, लाकूड धुमसायला लागतं. थरथर एकदम थांबली तर तिथं सपोर्ट हवा. दोन सपोर्टमधलं अंतर निम्मं केलं की वारंवारता चौपट होते, त्यामुळे बऱ्याचदा एक मधला गाईड पुरतो.

बेदाणेवाला_तासगाव

काम झालं. पहिल्या दिवशी अडीच तास फुल लोडवर चालवलं. उभा पाईप वरती बारा-तेरा मिमी गेला, खडूची खूण करून ठेवली होती त्यावरनं मोजलं. इंजिनजवळचा बेलो गरम असताना पण सरळ उभा आहे. इंजिन बंद करताना पूर्वी जो गदगदा हिसका बसायचा तो नव्या एव्हीएमनं बराच कमी झालाय. खोलीत धुराचा वास नाही.

दोन प्रश्न उरलेत. पाईपला ग्लासवूल गुंडाळून पत्रा मारायचाय, बेलोवरनं पण गुंडाळू का? आणि नवीन बेंड आणि दुसरा बेलो आल्यानं बॅक प्रेशर (धुराला बाहेर पडताना होणारा अडथळा) वाढलं का, ते कसं कळणार?

टेस्टबेडवाले_काका

वाचून फार बरं वाटलं. बेलोवर घट्ट काही गुंडाळू नका, त्याला हलायला जागा पाहिजे आणि तुम्हाला तो बघता आला पाहिजे. फारच जवळून डिझेलची नळी किंवा केबल जात असेल तर सुटणारं ब्लँकेट मिळतं, सैल, दोऱ्यांनी बांधायचं. पण आधी ती नळीच लांब हलवा, गरम बेलोवर डिझेलचा फवारा उडाला तर आग लागायला वेळ लागत नाही. टर्बो आणि मॅनिफोल्ड इंजिन कंपनीनं सांगितल्याशिवाय झाकायचे नाहीत.

बॅक प्रेशरला टर्बोच्या पुढच्या सरळ तुकड्यात एक छोटं बूच लावलेलं भोक ठेवून घ्यायला हवं होतं, नसेल तर पुढच्या वेळी फ्लँज उघडाल तेव्हा करा. पारदर्शक नळीचा यू करून त्यात पाणी भरायचं, मधे तांब्याची नळी टाकायची म्हणजे प्लॅस्टिक वितळत नाही, आणि फुल लोडवर पाणी किती वर गेलं ते मोजायचं. मॅन्युअलमध्ये मर्यादा इंच पाऱ्यात दिलेली असेल तर १ इंच पारा म्हणजे १३.६ इंच पाणी धरा. मर्यादेच्या जवळ असलात तर पुढच्या खेपेला ४ च्या जागी ५ इंची पाईप, बेंड कमी करत बसू नका.

आणि बोल्ट. पहिल्या दोन-तीन वेळा तापून गार झाल्यावर गॅस्केट बसतं, तेव्हा गार असताना सगळे फ्लँज बोल्ट पुन्हा टाईट करा, नंतर दर सर्व्हिसला एकदा. बेलोभोवती काळी काजळी दिसली की समजा गळती सुरू झालीय. जनरेटर रूमचा दरवाजा आणि व्हेंटिलेशन चालू असताना उघडं ठेवायला ऑपरेटरला सांगा, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, डोळे चुरचुरले नाहीत म्हणजे हवा चांगली आहे असं नाही.

गुऱ्हाळ_पन्हाळा

काका, मी बी फ्लँज करून घेतला, सायलेन्सर अँगलवर चढवला. नळीचा तुकडा किती लांब ठिवू, इंजिन आणि अँगलमधी दीड फूट जागा हाय?

टेस्टबेडवाले_काका

दीड फुटाची सगळी जागा नळीला द्या, जेवढी लांब तेवढा एका जागी वाक कमी. फक्त ओढून ताठ करू नका, किंचित सैल बसली पाहिजे, आणि पहिल्यांदा चालू कराल तेव्हा इंजिन बंद होतानाचे शेवटचे चार-पाच हिसके बघा, त्या वेळी नळी कुठे ताठ होत नाही ना.